सहीसाठी अडलेलं स्केलिंग

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून सरकारी दंत महाविद्यालयात दात साफ करून घेतले. केसपेपर, एक्स-रे पटकन झालं. अडलं ते सहीपाशी.

तिथे स्केलिंग, म्हणजे दातांवर साठलेला कडक थर मशीनने काढणं, विद्यार्थी करतात. सरांनी तोंड बघून सही केल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. नियम रास्तच आहे. पण सर आधी लेक्चरला, मग मीटिंगला, मग 'येतीलच आता'. मी गळ्यात ॲप्रन बांधून खुर्चीत आडवा. एक वाजला, ओपीडी बंद, 'उद्या या'. रजा वाया गेली. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी पहाटेच्या एसटीने आल्या होत्या, त्यांनाही हेच उत्तर. मला अजून राग येतो. सही कधी मिळेल ते फळ्यावर लिहायला काय जातं? तुम्ही जाल तेव्हा केसपेपर काढतानाच विचारा आणि पहिल्या रांगेत उभे राहा.

त्या खोळंब्यात डॉक्टर मुलीने मात्र जीव ओतून समजावलं. "काका, जीभ वर करा," म्हणत तिने आरसा धरला. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळट-तपकिरी थर, हिरडीला चिकटून. लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, म्हणून लाळेतलं कॅल्शियम तिथे जास्त बसतं. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा चढतो, त्यावर जंतू वस्ती करतात, तोच प्लाक. गोड खाल्लं की हे जंतू आम्ल करतात आणि पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच झिजायला लागतं. प्लाक रोज निघाला नाही तर काही दिवसांत त्याचा दगड होतो. मग ब्रशने काही होत नाही. हिरडी आणि दात यांतली फट 3 मिलिमीटरपर्यंत चालते, माझी एके ठिकाणी 5 भरली. नुसती सुजलेली हिरडी पूर्ववत होते, दाताभोवतीचं झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही, हे ऐकून मी परत गेलोच.

सही मिळाल्यावर काम झटपट झालं. नंतर काही दिवस गार पाणी झोंबलं, दातांत फटी जाणवल्या. स्केलिंगने दात ढिले होतात असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. त्या फटींत आधी दगड होता.

आणि हो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तपासणीतच सांगा, आयत्या वेळी खुर्चीतून उठवतात.