अकरा सह्या आणि एक ओली भिंत

राजापूर तालुक्यातलं आमचं घर आजोबांनी 1938 साली बांधलं. जांभ्याच्या भिंती, फणसाचे खांब, वर मंगलोरी कौलं. काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का आणि 1865 हा आकडा आहे. पाहुणे तो बघून ‘दीडशे वर्षांचं घर!’ म्हणतात. आकडा या ख्रिस्ती मिशनचा मंगळुरातला कौलांचा कारखाना सुरू झाल्याचा आहे, पण आता मी दर वेळी सांगत बसत नाही.

घर पाहुण्यांसाठी उघडायचं म्हणून न्याहारी-निवास योजनेच्या नोंदणीला लागलो. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा काढला, तर त्यावर अजून आजोबाच. म्हणजे आधी वारसनोंद, मग सगळ्या हिस्सेदारांची संमती. अकरा सह्या. नऊ मुंबईत, एक बडोद्यात आणि एक गावातच, काकांची, ज्यांच्याशी बोलणं बंद. त्यांनी निरोप पाठवला, “स्लॅब टाक, मग सही देतो. गळक्या कौलाखाली पैसे मोजून कोण झोपणार?” मुंबईच्या सह्या दोन खेपांत झाल्या. काकांची आली गणपतीत. आरती झाल्यावर त्यांनीच पेन मागितलं. का, ते मी विचारलं नाही.

खरा वेळ खाल्ला भिंतीने. 1994 साली ओल अडवायची म्हणून बाबांनी बाहेरून कमरेएवढं सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं. तेव्हापासून माजघरातला रंग दर पावसाळ्यात फुगून गळायचा आणि दर दिवाळीला आम्ही तो नव्याने द्यायचो. सत्तरीतला एक गवंडी मिळाला, चुन्यात काम केलेला. त्याने छिन्नी लावली तशी प्लास्टरची ढलपी सुटली, सोबत दगडाची सालही. मे महिना होता, अंगणात पाय ठरत नव्हता, आणि आतला दगड हाताला गार, ओलसर. पांढऱ्या भुकटीवर बोट फिरवून त्याने जिभेला लावलं. “लोणा,” म्हणाला आणि थुंकला. लोणा म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून फुटणारा खार.

जांभा सच्छिद्र. जमिनीतली ओल वर ओढतो, उघडा असेल तर वाऱ्यावर सोडून देतो. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली, म्हणून ओल घरात वळली. बाबांनी चुकीचं केलं असं म्हणवत नाही. तेव्हा सगळी वाडी तेच करत होती.

सगळं सिमेंट काढून भिंत एक पावसाळा तशीच उघडी ठेवली. पावसाची झड अडवायला वरून झडपं बांधली, एवढंच. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे रात्री झोप लागायची नाही. दिवाळीनंतर कळीचा चुना भिजवला, महिनाभर मुरू दिला, वाळू घालून मळला. गवंड्याने त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घातला. चुना हवेतूनच हळूहळू घट्ट होतो, घाई केली की तडकतो. ओली पोती लावून भिंत भिजवत राहायचं काम माझ्याकडे होतं. शहरातून आलेल्या माणसाला यापेक्षा अवघड काम देऊ नये, असं त्याचं मत असावं.

संडास-बाथरूम मात्र मूळ भिंतींना हात न लावता गोठ्यात काढले. पाहुण्यांना रात्री अंगण ओलांडावं लागतं. काहींना ते आवडत नाही. बुकिंग घेतानाच सांगतो.

काकांचं गळतीबद्दलचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माकडं कौलं फोडतात, आणि नव्या मापाचं कौल जुन्यात नीट बसत नाही. मग जुनी शोधायची. ती मिळतात कुठे, तर स्लॅबसाठी कुणी घर पाडलं की. गेल्या महिन्यात खालच्या वाडीतलं एक चौपाखी घर गेलं. टेम्पो घेऊन मी सकाळीच पोचलो आणि दोनशे कौलं भरून आणली. मालक म्हणाला, “अजून हवी असतील तर मार्चपर्यंत थांबा. शेजारचंही काढतायत.”