कॅमेरा मागच्या बाकावर

आज एका छात्राध्यापिकेचा पाठ पहिल्यांदाच व्हिडिओवर घेतला. कॅमेरा मागे ठेवला, त्यामुळे मुलांच्या नुसत्या पाठी दिसल्या. (पालकांची संमती घेतली होती तरी चेहरे नकोच वाटत होते.) आवाज मात्र निम्मा पंख्यानेच खाल्ला. पुढच्या वेळी कॉलरला माइक.

पाठ संपल्यावर मी मनात चांगले गुण देऊन मोकळी झाले होते. संध्याकाळी दोघींनी मिळून चित्रण पाहिलं. प्रश्न विचारला की सेकंदभरात तीच उत्तर देत होती! अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हेच मोजून दाखवलं होतं: शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. बी.एड.ला असताना हे मी पाठ केलं होतं. आज वर्गात बसूनही मला ते दिसलं नाही, कारण मी निरीक्षण तक्ता भरत होते.

तिनं एक जागा तीनदा मागे नेऊन पाहिली. खिडकीजवळच्या मुलाचा हात अर्धा वर येऊन खाली गेला होता. "मॅडम, हा मला दिसलाच नाही."

मलाही नव्हता दिसला. गुण अजून भरलेले नाहीत.