एकपानीचं फूल अखेर उघडं सापडलं: ३१ मेची नोंद

सापडलं. ३१ मे २०२५, सकाळी ८.४०, देवराईतला 'ब' ठिपका, म्हणजे मी धरलेल्या चार जागांपैकी एक. एकच दांडा, एकच फूल, पूर्ण उघडलेलं. लिप, म्हणजे फुलाची पुढची वेगळी पाकळी, पांढरीशुभ्र, मधोमध पिवळसर पट्टा, त्यावर लव, आणि पुढच्या कडेला बारीक झालर. नर्विलिया क्रोसिफॉर्मिस, एकपानी या जमिनीवरच्या आमरीतली (ऑर्किडमधली) एक जात. महाराष्ट्राच्या जुन्या याद्यांमध्ये हीच प्रेनियाना या नावाने आहे, त्यामुळे जुन्या नोंदी धुंडाळताना दोन्ही नावं शोधावी लागतात. हात थरथरत होते म्हणून पहिली पाच मिनिटं कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. नुसता बघत बसलो.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना हा गुंता ठाऊक आहे. ऑगस्ट २०२३मध्ये सिंधुदुर्गात घाटाच्या पायथ्याशी असलेल्या या राईत पानं दिसली. गोलसर, काठाला बोथट दाते, वर लव, जमिनीला जवळजवळ चिकटलेली. अ, ब, क, ड असे चार ठिपके धरले. पण पानावरून जात छातीठोकपणे सांगता येत नव्हती, आणि पान असतं तेव्हा फूल नसतं. उन्हाळाभर कंद जमिनीखाली झोपलेला. पहिल्या पावसावर नुसता उघडा दांडा वर येतो, फूल दोन-तीन दिवस टिकतं, ते कोमेजलं की मग त्याच कंदातून पान डोकं काढतं. म्हणजे जागा पानावरून हेरायची आणि फुलासाठी नऊ महिन्यांनी रिकाम्या पाचोळ्यासमोर येऊन बसायचं. २०२४ला मी मृग धरून १२ जूनला गेलो. दांड्यावर बोंड होतं, फूल केव्हाच संपलेलं. तो परतीचा घाट अजून आठवतो.

आधी जागा कशी धरली ते सांगतो, कारण दोघातिघांनी विचारलं होतं. देवराईत खुणेचे झेंडे, रंग, खिळे काहीही चालत नाही, आणि चालू नयेच. जीपीएस दाट छताखाली पाच-सात मीटर इकडेतिकडे दाखवतो, या कामात तेवढ्यात सगळं हरवतं. म्हणून दोन झाडांच्या बुंध्यांपासून टेपने अंतर मोजून ठेवलं. 'ब'चं उदाहरण: जाड अंजनीपासून २ मीटर १४, सातवीणीपासून ३ मीटर ६२. पुढच्या वर्षी दोन दोऱ्या तेवढ्या लांबीच्या कापायच्या आणि जिथे टोकं जुळतील तिथे बघायचं. फूल त्या बिंदूपासून चार बोटांवर होतं. दहा रुपयांच्या सुतळीने हे काम कुठल्याही ॲपपेक्षा चोख केलं.

आता मुख्य दुखणं: कधी जायचं?

गेल्या वर्षीच्या फजितीनंतर ठरवलं होतं की कॅलेंडर सोडायचं, पाऊस मोजायचा. वाडीतल्या काकूंच्या अंगणात प्लास्टिकचा पर्जन्यमापक आणि पडवीत कमाल-किमान तापमापक लावून आलो. काकू रोज सकाळी आकडा वहीत लिहितात आणि काही विशेष असलं तर फोन करतात. १३ मेला वळीव झाला, १८ मिमी. मी त्याला किंमत दिली नाही, आणि तिथेच चुकलो. त्याबद्दल पुढे सांगतो. मग २१ तारखेला सकाळी साडेसहाला फोन: "झिला, रात्री पाऊस इलो. बरणी भरली." ९६ मिमी. कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार होत होतं, त्याचाच हा पाऊस. त्यानंतर तो थांबलाच नाही. केरळात मान्सून २४ मेला आला आणि २६ मेला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे यंदाही मृगाची वाट बघत बसलो असतो तर पुन्हा बोंडच दिसलं असतं.

गुरुवार-शुक्रवारची रजा टाकून २८च्या रात्री कोल्हापुरातून आजरामार्गे निघालो. २९ला सकाळी गुरवकाकांना विचारून, चपला राईच्या बाहेर काढून आत गेलो. पहिला 'अ' ठिपका. तिथे दांडा होता आणि फूल सुकून काळं पडलेलं. खरं सांगतो, पाय गळाले. दोन वर्षांचं गणित पुन्हा चुकलं असं वाटलं. पण 'ब'वर पाचोळ्यातून कळी वर आली होती, पेन्सिलीच्या टोकाएवढी, तपकिरी-हिरवी. मांडवातला माणूस पंगतीत शोधावा तसा मी ती अर्धा तास शोधत होतो आणि ती माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होती. 'क'वर दोन कळ्या. 'ड' कोरा. ३०ला दिवसभर कळ्या तशाच. ३१ला 'ब' आणि 'क' दोन्ही उघडले, एकाच सकाळी.

आता फोटोंबद्दल, कारण तिथेही अर्धा दिवस गेला. फूल जमिनीपासून सहा सेंटिमीटरवर. छत इतकं दाट की सकाळी नऊला एफ ८, आयएसओ ४०० ठेवलं तर शटर अर्धा सेकंद येत होतं. वारा नव्हता, पण छतातून थेंब गळत होते आणि प्रत्येक थेंबाला आजूबाजूचा पाचोळा हलून दांडा थरथरायचा. स्टॅकसाठी, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक पूर्ण स्पष्ट फोटो करायला, तीस-चाळीस फ्रेम हव्यात आणि सलग चार फ्रेमही स्थिर मिळेनात. छत्री धरली तर तिच्या काठावरून ओघळ. शेवटी वरच्या फांदीच्या ज्या टोकावरून थेंब पडत होते तिथे सुती पंचाची पट्टी सैल बांधली आणि तिचं दुसरं टोक हातभर बाजूला जमिनीवर सोडलं. पाणी वातीसारखं त्या पट्टीवरून उतरायला लागलं आणि फूल शांत झालं. ही युक्ती काकूंनी पागोळ्यांसाठी पडवीला बांधलेल्या दोरीवरून सुचली. काम झाल्यावर पट्टी सोडून घेतली.

फ्लॅशचं मात्र वाईट झालं. ऑनलाइन मागवलेली ऑफ-कॅमेरा कॉर्ड दुसऱ्याच पावसात गेली, तांब्यावर हिरवं चढलेलं. स्वस्त कॉर्ड घेऊ नका, किंवा घेतलीत तर सांधे पहिल्याच दिवशी सिलिकॉनने बंद करा. मग फ्लॅशशिवाय, नुसत्या एका छोट्या एलईडीवर ट्रेसिंग पेपर लावून काम केलं, आणि आता वाटतं तेच बरं झालं. फ्लॅशने लिपचा पांढरा रंग करपतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवलं तेव्हा झालरीचे दाते सुटे दिसले.

कॅमेऱ्याखाली ठेवायच्या बीनबॅगमध्ये काय भरायचं, हा जुना वाद मिटवून टाकतो. तांदूळ नको. भिजला की फुगतो, आंबतो, आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. प्लास्टिकचे दाणे भरा. तेवढ्या खाली ट्रायपॉड उपयोगाचा नाही, उलटा कॉलम लावला तरी पाय पाचोळ्यात कुठल्या कंदावर पडतील सांगता येत नाही. आणि पोटावर झोपण्याआधी काठीने दोन हात जागा हलकेच चाचपून घ्या. मी झोपलो होतो तिथून हातभर उंचीवर कारवीच्या फांदीला चापडा, विषारी साप, गुंडाळून बसला होता. दोन तास त्याने मला काही केलं नाही आणि मी त्याला.

एकूण ३८ फ्रेमचा एक स्टॅक बिनचूक निघाला. झिरीन या स्टॅक जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स पद्धतीने लिपवरची लव सुरेख सुटी झाली, पण गुळगुळीत पांढऱ्या भागावर दाणे आणि कडेला प्रभावळ आली. डीमॅप या दुसऱ्या पद्धतीत पांढरा भाग साफ, पण लवेचे केस एकमेकांवर आले तिथे तुटले. म्हणून पाया डीमॅपचा आणि लव तेवढी पीमॅक्सवरून ब्रशने उतरवली. तीन रात्री गेल्या. झालरीचा प्रत्येक दाता मोजता येतो असा तो फोटो आता माझ्यापुढे आहे आणि मी कामावरून आलो की आधी तोच उघडतो.

लाओवाच्या १५ मिमी वाइड मॅक्रोनेही एक काढलाय: पुढे फूल, मागे अंजनीचे बुंधे आणि देवाचा जांभ्याचा चौथरा. मला स्टॅकपेक्षा हा जास्त आवडतो. एवढीशी वनस्पती कुठे राहते ते त्यात कळतं. आपल्यापैकी बरेच जण काळी पार्श्वभूमी करून फूल कापून ठेवल्यासारखं दाखवतात, ते मला पटत नाही. आमरी तिच्या पाचोळ्यासकट, तिच्या बुरशीसकट जगते. बी इतकं बारीक की त्यात पोटाला अन्नच नसतं, मातीतल्या बुरशीने भरवलं तरच ते रुजतं. म्हणून फोटोसाठी पाचोळा झाडून 'स्वच्छ' करणाऱ्यांवर माझा खरोखर राग आहे. एक काडी आड येत होती, ती मी आडच येऊ दिली.

८ जूनला परत गेलो. सहा सेंटिमीटरचा दांडा १५ सेंटिमीटरचा झाला होता. फळ धरलं की दांडा असा उंच वाढतो, बी वाऱ्यावर जावं म्हणून. याबद्दल ऐकलं होतं, स्वतः पट्टी लावून मोजण्यातला आनंद वेगळाच. १५ जूनला 'ब'वर गुंडाळलेलं पान सुईसारखं वर आलं. तीन पावसाळ्यांत पहिल्यांदा एकाच कंदाचं फूल, फळ आणि पान असा पूर्ण फेरा हातात आला.

आता इथवर लिहिलं आणि काकूंची वही शेजारी ठेवून तक्ता करायला घेतला, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली, आणि पुढचं सगळं ठरवलेलं बदलावं लागतंय.

२० मेच्या रात्रीच्या पावसापासून ३१ मे म्हणजे ११ दिवस. 'अ' ठिपक्यावर मोठा फणस गेल्या वर्षी पडल्यामुळे छताला भोक आहे. १३ मेचा १८ मिमी वळीव तिथे थेट जमिनीवर पोचला असणार, बाकीकडे पानांनीच झेलला. १३मध्ये ११ मिळवले की २४ मे. दोन-तीन दिवस फूल, आणि मी २९ला पोचलो तेव्हा सुकून काळं. गणित बसतं. म्हणून वळवाला किंमत न देणं ही माझी चूक होती.

इथपर्यंत मला वाटत होतं की पाणी जमिनीत मुरलं की कंद जागा होतो. पण 'क'? 'क' व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठावर आहे. तिथली माती एप्रिलमध्येही बोटाला ओली लागते, माझ्याच जुन्या नोंदीत तसं लिहिलंय. पाणीच कारण असतं तर 'क'ने महिनाभर आधी फुलायला हवं होतं. तो फुलला 'ब'बरोबर, त्याच सकाळी.

मग काय बदललं? वहीत दुसरा रकाना आहे. १९ मेला पडवीतलं कमाल तापमान ३४, २१ला २६. आठ अंश. आणि आठवलं ते डेंड्रोबियम क्रुमेनाटम, अंदमान आणि आग्नेय आशियातली पारव्याच्या नावाने ओळखली जाणारी आमरी. पावसाच्या सरीने तापमान एकदम उतरलं की बरोबर नऊ दिवसांनी त्या भागातली सगळी झाडं एकाच दिवशी फुलतात. तिथे कळ्या आधीच तयार होऊन थांबलेल्या असतात आणि गारवा त्यांना सोडवतो. आपल्या एकपानीच्या कंदातही कळी उन्हाळ्यातच तयार होऊन बसत असेल का? 'अ'च्या भोकातून १३ तारखेला फक्त पाणी नाही, गारवाही खाली उतरला असेल.

तीन ठिपके आणि एक मोसम, एवढ्यावर नियम सांगायचा नाही. पण तपासता येण्यासारखं आहे. हॅबेनारिया या दुसऱ्या आमऱ्यांच्या फोटोंसाठी बाजूला ठेवलेले पैसे आता नाण्याएवढ्या चार तापमान-लॉगरांवर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणाऱ्या यंत्रांवर जाणार. प्रत्येक ठिपक्याशेजारी, कंदापासून हातभर लांब, पाच सेंटिमीटर खोल. गुरवकाकांना विचारलंय, ते म्हणाले "देवाक सांगून ठेव." नारळ ठेवून सांगून येईन. पाचगणीच्या हबेआमरीचा सप्टेंबरचा बेत तसाच आहे, फक्त नव्या फ्लॅशशिवाय. पुढच्या शनिवारी राधानगरीला पांढऱ्या एकपानी हॅबेनारियासाठी यायचं म्हणणाऱ्या दोघांनी माझ्याशिवाय निघावं. मी त्या दिवशी राईत लॉगर पुरत असेन.

आणखी एक मागणं. तुमच्याकडे नर्विलिया कॉनकलरची, म्हणजे मोठ्या चुणीदार पानाच्या एकपानीची, फूल उघडल्याची तारीख आणि त्याआधीच्या पहिल्या मोठ्या पावसाची तारीख असेल तर कळवा. जागा सांगू नका, तालुकासुद्धा नको. फक्त दोन तारखा, आणि वर छत दाट होतं की विरळ.

'ड' आजही कोरा आहे. २०२३ला तिथे पाच पानं होती, गेल्या वर्षी दोन. काल सुतळी लावून तासभर बघितलं. टोकं जुळली तिथे साळिंदराने उकरल्यासारखा खड्डा आहे, वीतभर खोल.