आकडीचा गालिचा : पाया, आकडी आणि लोकर यांविषयी काही नोंदी

सांगलीत सुरू केलेल्या माझ्या दोन फूट बाय तीन फूट गालिच्यातील मधली वेलबुट्टी भरून झाली असून आता पार्श्वभूमीचे काम चालू आहे. साहित्याविषयीची निरीक्षणे याच टप्प्यावर नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत अधिक विचार पायाच्या कापडाचा करावा. या प्रकारात गाठ कोठेच नसते. पायाच्या कापडाखाली धरलेली लोकरी कापडाची पट्टी आकडीने वर ओढली की विणीतील धागे तिचा लूप आवळून धरतात आणि शेजारचे लूप त्याला दाटीने जागेवर ठेवतात, त्यामुळे पाया कुजला तर वरची उत्तम लोकरही निरुपयोगी ठरते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागात ही कला वाढली ती तागाच्या स्वस्त पोत्यांवर, आणि १८७० च्या सुमारास मेन राज्यातील एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट जस्ताच्या साच्यांनी तरटावर नक्षी छापून विकत असत. आपल्या हळदीच्या बाजारपेठेमुळे सांगलीत तरट सहज मिळते. परंतु ताग कालांतराने ठिसूळ होतो आणि दमट हवेत लवकर खराब होतो. शिवाय हळद लोकरीवर रंगबंधकाशिवायही चढते, त्यामुळे वापरलेल्या पोत्याला ओल लागली तर फिकट लूप पिवळे पडतात. सरावासाठी कोरे तरट योग्य आहे, मात्र पायाखाली अंथरायच्या गालिच्यासाठी मी लिननच निवडले.

पट्ट्यांची रुंदी इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात. ३ नंबर म्हणजे ३/३२ इंच आणि ८ नंबर म्हणजे पाव इंच. पानांच्या शिरांसाठी अरुंद व पार्श्वभूमीसाठी ८ नंबरची पट्टी मी वापरत आहे. लूपची उंची साधारणपणे पट्टीच्या रुंदीइतकी ठेवावी आणि प्रत्येक छिद्र भरू नये, अन्यथा गालिचा कडेने वळतो. जुन्या फ्लॅनेलच्या ब्लेझरचे कापड गरम पाण्यात धुतल्यावर आटून घट्ट होते व कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत. सुटाचे पातळ, गुळगुळीत कापड मात्र या कामी येत नाही. जेवढा भाग भरायचा, त्याच्या सुमारे चौपट कापड हाताशी असावे.

आटपाडी, जत आणि माण भागांतील दख्खनी मेंढीची लोकर मला विशेष प्रिय आहे. घोंगडीच्या अरुंद पट्ट्या उसवतात, म्हणून या लोकरीचे हातसुतच घ्यावे. त्याचा नैसर्गिक काळा रंग बाह्यरेषांना जी खोली देतो, ती रंगवलेल्या काळ्या कापडात मला आढळली नाही.

आकडी लाकडी मुठीची असून तिची दांडी जाड आहे. जाड दांडीमुळे विणीतील छिद्र रुंदावते आणि मनगटावर ताण येत नाही. सुताराकडून करून घेतलेल्या चौकटीवर कापड पिनांनी ताणले आहे. किनारीसाठी चारही बाजूंनी तीन इंच कापड मोकळे सोडले असून ते सुती दोरीवर दुमडून त्याच काळ्या हातसुताने गुंडाळून शिवणार आहे.