चालू ठेवलेली यंत्रे

१९७२ साली बाजारात आलेले ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे घरच्या टीव्हीला जोडायचे पहिले गेम-यंत्र काचेआड ठेवलेले पाहिले, तर मनात फारसे काही उमटत नाही. या यंत्राला पडद्यावर दोन-तीन ठिपके आणि एक रेघ यांपलीकडे काही काढता येत नसे; आवाज नव्हता, गुणही मोजले जात नव्हते. म्हणून टेनिसचे मैदान किंवा भुताटकीचे घर छापलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव टीव्हीच्या काचेवर लावायचा, गुण कागदावर मांडायचे आणि उरलेली कसर कल्पनेने भरून काढायची. सगळी गंमत यंत्र आणि खेळणारा यांच्यामध्ये घडत असे, आणि काचेच्या कपाटात नेमके तेवढेच ठेवता येत नाही.

बर्लिनच्या कार्ल मार्क्स अ‍ॅलेवरील संगणक-खेळांच्या संग्रहालयात गेल्यापासून हा विचार माझ्या मनात घोळतो आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०११ पासून सध्याच्या जागेत असलेल्या या संग्रहालयातील बरीच यंत्रे चालू असतात आणि ती खेळता येतात. माझ्या मते व्हिडिओ गेमच्या संग्रहालयाची खरी कसोटी हीच असली पाहिजे.

‘स्पेस इन्व्हेडर्स’चेच पाहा. १९७८ च्या या खेळात सुरुवातीला ५५ परग्रहवासी पडद्यावर असतात आणि त्यांतील एकेकालाच यंत्र आळीपाळीने हलवू शकते. त्यामुळे आपण जसजसे त्यांना टिपत जातो, तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येते आणि त्यांची चाल वाढत जाते. यंत्राची ही मर्यादा निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी दुरुस्त न करता तशीच ठेवली, आणि खेळ पुढे पुढे अधिक अवघड होत जाण्याची कल्पना तिच्यातून रुजली. ही माहिती फलकावर वाचून समजते खरी. पण शेवटचा एकटा परग्रहवासी सुसाट धावू लागल्यावर तळहाताला जो घाम फुटतो, तो फलकाला फोडता येत नाही.

मात्र यंत्र चालू ठेवायचे म्हणजे ते झिजवायचे. बटणांच्या स्प्रिंगा ढिल्या होतात, जॉयस्टिक खिळखिळी होते. तरी हे भाग नवे बसवता येतात. खरी अडचण जुन्या, जाड पाठीच्या टीव्हीची आहे, कारण त्याची पिक्चर ट्यूब आता जवळपास कोणीच बनवत नाही. निन्टेन्डोच्या ‘डक हंट’मधील बंदूक तर त्याच्याशिवाय अक्षरशः आंधळी होते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळतो, आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाश-संवेदकाला तो ठरलेल्या क्षणी दिसला तर नेम लागला असे धरले जाते. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून नेम कितीही अचूक असला तरी बदक उडून जाते.

जुने खेळ नव्या संगणकावर चालवणारे एम्युलेटर आहेत आणि अभ्यासासाठी ते फार मोलाचे आहेत. पण संग्रहालयात मूळ यंत्र असताना त्याऐवजी एम्युलेटर दाखवणे मला पटत नाही.

काचेआडच शोभणारी एक वस्तू मात्र आहे. अटारी या गेम-कंपनीने १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डोच्या कचरा-डेपोत न खपलेल्या गेमची कार्ट्रिजे (गेम साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या प्लॅस्टिकच्या डब्या) पुरली होती; २०१४ मध्ये ती उकरून काढली आणि त्यांतील ‘ई. टी.’चे एक कार्ट्रिज अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे गेले. ते खेळून पाहावे असे कोणालाही वाटणार नाही (तो खेळ नवा असतानाही अनेकांना तसे वाटले नव्हते). त्याचे मोल त्याच्या चुरगळलेल्या, मातीने माखलेल्या रूपातच आहे.

बर्लिनमध्ये मी सर्वांत जास्त वेळ ‘पॉली-प्ले’समोर घालवला. पूर्व जर्मनीत १९८० च्या दशकात तयार झालेल्या या लाकडी कपाटाएवढ्या यंत्रात आठ खेळ आहेत, आणि त्यांतील एक ‘पॅक-मॅन’च्या धर्तीचा, ससा आणि लांडग्याचा. मी तीनदा हरले, आणि मागे कोणीतरी ताटकळत उभे आहे हे लक्षात आल्यावर नाइलाजाने बाजूला झाले.