‘निवांत बोलू’ला वार ठरवा

दूर राहायला गेल्यावर मैत्री भांडणाने क्वचितच संपते. ‘एकदा निवांत बोलू’ म्हणत म्हणत ती मागे पडते. पूर्वी भेटायला निमित्त लागत नव्हतं. आता प्रत्येक फोन कुणीतरी ठरवून करावा लागतो, आणि दोघंही धरून चालतात की समोरचा कामात असेल.

निघण्याआधीचं एक काम. नंबर बदलणार असाल, तर नवं सिम घालून व्हॉट्सॲप नव्याने सुरू करू नका. आधी सेटिंग्जमधल्या खात्यात जाऊन ‘नंबर बदला’ हा पर्याय वापरा. ग्रुपना बदल आपोआप कळतो, पण एकेकट्या संपर्कांना कळवण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो आणि तोच राहून जातो. बंद झालेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते. मग तुमच्या मित्राचा निरोप भलत्याच माणसाकडे जातो.

सगळ्यांशी सारखा संपर्क ठेवायचा नाद सोडा. रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञाच्या मांडणीत अगदी जवळची माणसं 5 च्या आसपास असतात आणि त्यांना धरून पुढचं वर्तुळ 15 चं. आकड्यांवर वाद आहेत, पण नियोजनाला ते पुरतात. चार-पाच जणांशी ठरलेला फोन, बाकी दहाएक जणांशी दोन-तीन महिन्यांतून एकदा. ग्रुपवर टाकलेल्या फोटोंना मी संपर्क मानत नाही. तिथे सगळे बघतात आणि कुणीच काही विचारत नाही.

ठरलेला फोन पंधरवड्यातून एकदा, अर्ध्या तासाचा. पहिलाच फोन दोन तास रंगला की पुढच्यासाठीही दोन मोकळे तास शोधले जातात, आणि ते सापडत नाहीत. म्हणून गप्पा रंगात असतानाच थांबा आणि ठेवण्याआधी पुढचा वार पक्का करा. चालायला जाताना किंवा कपड्यांना इस्त्री करताना बोलायचं ठरवलं, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. एखादा फोन हुकला तर त्याच आठवड्यात उरकून टाका. लागोपाठ दोन हुकले तर वेळच चुकीची आहे. ती बदला, रुसू नका.

देश वेगळे असतील तर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सांभाळा. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे अमेरिका आणि युरोपातला फरक एका तासाने कमी असतो. शरद ऋतूत घड्याळं परत मागे येताना हाच घोळ आठवडाभर चालतो. कुणाच्या घड्याळाप्रमाणे वेळ धरायची ते आधीच बोलून घ्या आणि कॅलेंडरवरची नोंद त्याच टाइमझोनमध्ये करा.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो फोननंतर लिहून ठेवलेल्या दोन ओळींचा. मुलाखत 12 तारखेला, आईचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात, नव्या साहेबाचं नाव. त्या तारखेची आठवण लावा आणि संध्याकाळी एवढंच विचारा: ‘कशी झाली मुलाखत?’ ‘काय चाललंय?’ला ‘काही विशेष नाही’ हेच उत्तर येतं. व्हॉइस मेसेज दोन-तीन मिनिटांत संपवा. दहा मिनिटांचा ‘नंतर ऐकू’ म्हणून ठेवला जातो आणि तसाच राहतो.

वर्षभर बोलणंच झालं नसेल तर? पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या 2022 च्या अभ्यासात दिसलं, की अशा अचानक आलेल्या निरोपाचं अप्रूप पाठवणाऱ्याच्या अंदाजापेक्षा घेणाऱ्याला जास्त वाटतं. लांबलचक माफी मात्र नको, समोरच्याला आधी तुमची समजूत काढावी लागते. एक जुना फोटो, एक नेमका प्रश्न आणि ‘रविवारी सकाळी फोन करू का?’ इतकं पुरे. उत्तर नाही आलं तर महिन्याभराने आणखी एकदा लिहा. त्यानंतर फक्त वाढदिवसाला.