शिकारीचा अल्बम, नोंद सहावी: काचेला चिकटलेले फोटो आणि मागच्या रांगेतले हाकारे

हातातलं काम असं: जुन्या चांदा जिल्ह्यातल्या एका घरातला काळ्या पानांचा अल्बम, दिवाणखान्यातल्या अकरा फ्रेमा आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातल्या चौदा काचेच्या निगेटिव्ह. अल्बम मागच्या नोंदीपर्यंत स्कॅन होऊन संपला. या वेळी फ्रेमा आणि काचा.

अकरापैकी चार फ्रेमांत फोटो काचेला चिकटलाय. माउंट (काच आणि फोटो यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) न लावता थेट काचेखाली दाबलेल्या फोटोचं हे ठरलेलं दुखणं आहे. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात तो दमट हवा पिऊन फुगतो, मऊ पडतो आणि काच धरतो. फ्रेम न उघडता ओळखायचं तर खिडकीकडे तिरपी धरून बघा. चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद दिसतो, मोकळा भाग फिकट. असा फोटो ओढायचा नाही. चेहऱ्याचा थर काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. ‘पाण्यात भिजवा, आपोआप सुटतो’ हा सल्ला सगळीकडे फिरतो, पण बुरशी लागून गेलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, आणि चाळीस पावसाळे भिंतीवर काढलेल्या फोटोला बुरशी लागलेली नसणं कठीण. हाताने रंगवलेले फोटो तर पाण्याजवळही नेऊ नयेत. चारही फोटो काचेसकट कॅमेऱ्याने टिपले आणि काचेसकटच ठेवले.

टिपायची मांडणी: फोटो आडवा, कॅमेरा वर सरळ खाली बघणारा, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत एकेक एलईडी दिवा. दोन्ही दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी) एकाच दिशेत लावायची, लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे तसाच फिरवता येणारा फिल्टर. फोटोशेजारी स्टीलचा चमचा ठेवा आणि लेन्सवरचा फिल्टर फिरवत राहा. चमच्यावरची चमक काळी पडली की थांबा. काचेची झळक आणि जुन्या फोटोच्या गडद भागावर चढलेली निळसर चांदी दोन्ही त्याच क्षणी जातात. ही थरातलीच चांदी धातुरूपात पृष्ठभागावर आलेली असते, कापसाने किंवा खोडरबराने पुसलं तर चित्रच पुसलं जातं. एफ/८, आयएसओ १००, शटर साधारण अर्धा ते एक सेकंद, टायमर दोन सेकंदांचा. खोलीतले बाकीचे दिवे बंद, नाहीतर काचेत कॅमेराच दिसतो. आमच्या पहिल्या सहा शॉटमध्ये तो दिसला, कारण व्हरांड्याचा दिवा चालू राहिला होता.

उरलेल्या सात फ्रेमा उघडल्या. मागची फळी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेली, चुका गंजलेल्या. पक्कडीने ओढताना फळी फुटते, म्हणून चूक आधी थोडी आत दाबून सैल करायची, मग ओढायची. एका फोटोच्या पाठीवर फळीतली गाठ जशीच्या तशी तपकिरी उमटली होती, रेषांसकट. लाकडातलं आम्ल असं कागद जाळत जातं. फळी परत लावू नका. आम्लमुक्त बोर्ड लावा आणि काच व फोटो यांत दीड-दोन मिलिमीटरचा माउंट ठेवा. कडेला खवलेल्या जागा दिसल्या तर ती कसर आहे. तिला जिलेटिन आणि खळ दोन्ही आवडतात.

काचेच्या निगेटिव्ह पाव प्लेटच्या, म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच. मंद दिसणारी बाजू थराची, चकचकीत बाजू नुसती काच. लाइट पॅडवर (आतून उजळणाऱ्या पाटीवर) थेट ठेवल्या तर पॅडचे ठिपके चित्रात येतात. काच तीन-चार सेंटिमीटर वर उचलून ठेवा आणि भोवती काळा कार्ड कापून लावा. थराच्या बाजूने टिपलं तर चित्र उलटं येतं, संगणकात आडवं पलटायचं. पलटलंय का हे तपासायला रायफलचा बोल्ट बघा. नेहमीच्या रायफलीला तो उजव्या हाताला असतो. आमच्या अल्बममधला एक फोटो जुन्या स्टुडिओनेच उलटा छापलेला निघाला. घरात इतकी वर्षं सगळे त्या शिकाऱ्याला डावरा समजत होते.

अल्बम स्कॅन करताना सेटिंग काय ठेवलं, अशी पुन्हा विचारणा आली, म्हणून: सहा बाय नऊ सेंटिमीटरचे छोटे प्रिंट १२०० डीपीआयला, पोस्टकार्डाएवढे ६०० ला. काळा-पांढरा फोटो असला तरी स्कॅन रंगीत, ४८ बिट, टिफ. छोटा प्रिंट साधारण ७२ एमबी होतो, होऊ द्या. रंगीत कशासाठी, तर पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये ठळक आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसे असतात. नुसता लाल चॅनेल उचलला की निम्मं रिटचिंग वाचतं. पान पूर्ण, कोपऱ्यांसकट आणि पाठ वेगळी. शिकारीच्या अल्बममध्ये वाघापेक्षा पाठ महत्त्वाची.

आता तारखा. एका फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने ‘ताडोबा’ एवढंच. ताडोबात शिकारीला बंदी आली १९३५ साली, तेव्हा परवान्याची शिकार असेल तर त्याआधीची. दुसऱ्यात जीप आहे, जी १९४१ पूर्वी नव्हतीच. पाठीवर ‘चांदा’ लिहिलंय की ‘चंद्रपूर’, तेही बघा. नाव १९६०च्या दशकात बदललं, मात्र जुनी माणसं पुढेही चांदाच लिहीत राहिली, म्हणून हा पुरावा एकाच बाजूने चालतो. कातरल्यासारख्या नागमोडी कडा साधारण १९३० ते १९६० मधल्या. पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत लागली तर तो नंतर काढलेला प्रिंट. मग मूळ प्रिंट घरात दुसरीकडे आहे का ते शोधा.

पाठीवरच्या शब्दांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मराठी घरांत ‘वाघ’ म्हणजे पुष्कळदा बिबट. उलट ‘चित्ता’ लिहिलेला प्राणीही बहुधा बिबटच निघतो. ठिपके भिंगाखाली बघा: पोकळ, फुलासारखे असतील तर बिबट, भरीव गोल असतील आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असेल तर चित्ता. खरा चित्ता निघाला तर फोटोला वेगळंच मोल येतं, कारण १९५२ मध्ये तो भारतातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. मापांचंही तसंच. ‘९ फूट ४ इंच’ हे दोन खुंट्यांमधलं की अंगावरून टेप फिरवलेलं? अंगावरून घेतलेलं काही इंच जास्त भरतं. शिकारी जनावराच्या मागे चार पावलं बसला की वाघ हत्तीएवढा दिसतो, तेव्हा फोटोवरून माप काढू नका.

सगळ्यात जास्त वेळ गेला मागच्या रांगेवर. बंदूकवाल्यांची नावं पाठीवर असतात. हाका घालणारे, मचाण बांधणारे, आमिषाचा हेला बांधायला गेलेले यांची कुठेच नसतात, आणि फ्रेम करताना नेमके तेच कापले जातात. एका फोटोत माउंटखाली झाकलेली दोन इंचांची पट्टी निघाली, तीत सात माणसं आणि एक डबडं वाजवणारा मुलगा. नावं विचारायला जाताना मूळ फोटो न्यायचा नाही. ए४ वर प्रिंट, त्यावर बटर पेपर, प्रत्येकाची बाह्यरेषा आणि आकडा. ‘हा कोण’ विचारलं की म्हातारी माणसं गोंधळतात. ‘चार नंबरच्या शेजारचा कुठल्या वाडीवरचा’ विचारलं की सुरू होतात. चेहरे वीस-पंचवीस पिक्सेलचे असतील तर मोठं करून देणाऱ्या अॅपला देऊ नका. ते नवाच माणूस तयार करतं, आणि नातवाला तो आजोबाच वाटतो.

कायद्याचं एक. फोटो ठेवायला, दाखवायला अडचण नाही. त्यातलं कातडं, शिंगं किंवा नखं अजून घरात असतील तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते नसलेल्यांना घोषणा करायची शेवटची मोठी संधी २००३ मध्ये होऊन गेली. फोटो ऑनलाइन टाकण्याआधी घरमालकाला हे सांगा.

साठवण: वीस लिटरचा हवाबंद डबा, २५० ग्रॅम सिलिका जेल, शेजारी छोटा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा). काटा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये सुकवायचं.

उरलंय: तीन काचांच्या कडेचा थर सुटतोय, त्या न टिपता बाजूला ठेवल्यात. रोल फिल्मचं एक पाकीट आहे, व्हिनेगरचा वास येतो, म्हणजे अॅसिटेट, फिल्मचं प्लॅस्टिक, कुजतंय. ते बाकीच्यांपासून वेगळं ठेवलंय आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यात आधी तेच. मागच्या रांगेतल्या सातांपैकी चार नावं लागली. डबडंवाल्याचं अजून नाही.